कुंकळ्ळीचा नाताळ

मडगांवाहून दक्षिणेस कारवारच्या वाटेनें निघालें म्हणजे थोड्याच वेळांत कुंकळ्ळी लागते. दोहों बाजूंस माडांच्या रांगा, मधूनमधून कापणी झालेलीं भातशेतें, आणि जांभ्या दगडाचीं, पुढें ओसरी असलेलीं कौलारू घरें. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत आम्ही घरचीं सारीं मंडळी फातर्प्यास कुलदेवतेच्या दर्शनास चाललों होतों. त्या वेळीं ख्रिस्ती वस्तींत जवळजवळ प्रत्येक घरावर कागदी तारा टांगलेला दिसला. तो आमच्या आकाशकंदिलाचा धाकटा भाऊच म्हणावा. कित्येक अंगणांत मुलें माती व गवत आणून बेथलेहेमचा गोठा रचण्यांत दंग होतीं. अंगणाच्या मध्यभागीं चौथऱ्यावर क्रूस उभा. शेजारच्या हिंदु घरीं ज्या जागीं तुळशीवृंदावन, त्याच जागीं आणि बहुधा त्याच घाटाचा.

असें हें गांव प्रवाशाच्या डोळ्यांस शांत दिसतें. परंतु त्याच्या मातीखालीं मोठें दुःख पुरलेलें आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पोर्तुगीजांनीं साष्टी प्रांतांतील देवळांचा विध्वंस केला. कुंकळ्ळीचीं देवळेंही त्यांत गेलीं, आणि शांतादुर्गा गांव सोडून फातर्प्यास जाऊन राहिली. १५८३ सालच्या जुलै महिन्यांत चर्चसाठीं जागा पाहावयास आलेल्या पांच जेझुइट पाद्र्यांना व त्यांच्या कांहीं सोबत्यांना संतप्त गांवकऱ्यांनीं ठार केलें. त्या पांचांत अकबर बादशहाच्या दरबारीं राहून आलेले रुदोल्फो आक्वाविवा हेही होते. पुढें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवच्या पुढाऱ्यांना बोलणें करावयाच्या निमित्तानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलाविलें आणि चौकशीवांचून त्यांची कत्तल केली. सोळांपैकीं एकच काय तो निसटला, असें सांगतात. त्या पुढाऱ्यांचें स्मारक आज गांवांत उभें आहे.

आम्ही तेथें क्षणभर थांबलों. एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ रस्त्यानें चालले होते, ते आपण होऊन जवळ आले आणि आमच्या मुलांना सारी हकीगत समजावून सांगूं लागले. सांगतांना त्यांच्या तोंडीं “आमचे पूर्वज” हे शब्द दोनतीनदां आले. निघतांना त्यांनीं हंसून “नाताळाचीं परबीं” म्हटलें. मुलांनीं मोठ्या उत्साहानें तेच शब्द परत केले. आमच्या थोरल्या काकांनीं मात्र कांहीं न बोलतां दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

गाडींत बसल्यावर पुतण्यानें विचारलें, “काका, आपण परबीं कां म्हटलीं नाहींत?” काका म्हणाले, “बाबा, त्या म्हाताऱ्याबद्दल माझ्या मनांत आदरच आहे. परंतु ज्या धर्माच्या नांवानें आपल्या देवीला आपलें गांव सोडावें लागलें, त्या धर्माच्या सणाचें नांव माझ्या जिभेवर येत नाहीं. तुम्ही म्हणा, माझी ना नाहीं.” त्यांच्या स्वरांत राग नव्हता, म्हणूनच तें बोलणें आम्हां सर्वांच्या मनांत घर करून राहिलें.

काकांचें म्हणणें उडवून लावण्याजोगें खचित नाहीं. गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं थोडीं वर्षें सोडल्यास, इन्क्विझिशनचा अंमल होता. त्याच १५६० सालीं श्रीमंगेश कुशस्थळीहून पलीकडे आदिलशाही मुलखांत प्रियोळास गेला. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास गेली. आज आपण ज्या देवस्थानांच्या यात्रा सुखानें करतों, त्यांपैकीं कितीतरी अशीं परागंदा झालेलीं आहेत. हें सारें विसरून गोड बोलावें, असें कोणी सांगूं लागेल तर तें आम्हांसही मान्य होणार नाहीं.

तथापि एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. स्मारकापाशीं भेटलेले वृद्ध गृहस्थ कोणाचे वारस? गोव्याच्या व्हाइसरॉयचे खास नव्हेत. असोळण्यास जे मारले गेले त्यांच्याच गांवकींतले ते. तरवारीच्या धाकानें म्हणा, जमीन राखण्यासाठीं म्हणा किंवा मनापासून म्हणा, त्यांच्या कुळांतील कोणा पूर्वजानें धर्म बदलला. परंतु रक्त, भाषा व गांव तींच राहिलीं. गोव्यांतील कित्येक ख्रिस्ती घराण्यांना आपलें मूळ गोत व कुलदैवत आजही ठाऊक असतें. येथें शिमग्याच्या दिवसांत फातर्प्याहून देवीची स्वारी वर्षांतून एकदां आपल्या मूळ गांवीं परत येते. गांवच्या बारा वांगडांच्या रंगीबेरंगी छत्र्या तिच्यापुढें नाचत येतात आणि स्वागतास हिंदूंबरोबर ख्रिस्तीही रस्त्यावर उभे राहतात. तेव्हां १५८३ ची जखम ही एकट्या हिंदूंची नाहीं. ती सबंध कुंकळ्ळीची आहे. मारणाऱ्याचा हिशेब मार खाणाऱ्याच्या नातवाकडून कसा मागावा?

आणखी असें कीं, त्या काळांत लोकांना खरोखर बोचलें काय? ख्रिस्ती लोक आपला सण पाळतात, हें खास नव्हे. बोचली ती सक्ती. हिंदूंना त्यांच्या इच्छेविरुद्ध पाद्र्यांचीं प्रवचनें ऐकावयास हजर राहावें लागे. आणि ख्रिस्ती झालेल्यांचीही सुटका नव्हती. १७३६ सालच्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यानें त्यांना धोतर नेसण्यास, घरीं तुळस लावण्यास, एवढेंच काय, मिठावांचून भात शिजविण्यासही मनाई केली. शेजारी हिंदु व शेजारी ख्रिस्ती यांचें स्वयंपाकघर एकमेकांस ओळखूं नये, असा तो डाव होता.

तो डाव फसला, याची साक्ष नाताळांत घरोघर मिळते. या सणास आप्तेष्टांकडे व शेजाऱ्यांकडे मिठाईचें ताट पाठविण्याची चाल आहे. तिला पोर्तुगीज नांवावरून कोंसुआद म्हणतात. त्या ताटांत बेबिंका व दोदोल यांच्या जोडीला नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्याच. त्याच नेवऱ्या भाद्रपदांत गणेशचतुर्थीला हिंदु घरांतून ख्रिस्ती घरीं जातात. फातर्प्याच्या वाटेवर ज्यांच्या घरीं आम्ही दुपारीं उतरलों, त्या सोवळें पाळणाऱ्या आजीबाई म्हणाल्या, “बेबिंक्यांत अंडें असतें हें आमच्या शेजारणीला ठाऊक आहे. म्हणून ती मला नारळाच्या रसाचा, गुळाचा दोदोल निराळ्या भांड्यांत करून पाठविते.” अडीचशें वर्षांच्या दंडुक्याला जें साधलें नाहीं तें या निराळ्या भांड्यानें साधलें आहे, असें आम्हांस वाटलें. तीत कोणी आपला आचार सोडला नाहीं आणि दुसऱ्याच्या आचाराला नांवें ठेविलीं नाहींत.

शब्दांचीही हीच कथा. नाताळ हा शब्द पोर्तुगीज. त्याचा अर्थ जन्म. परबीं हा आपल्या पर्व शब्दाचा कोंकणी अवतार. “नाताळाचीं परबीं” एवढ्या दोन शब्दांत लिस्बन आणि संस्कृत एका ओसरीवर बसलीं आहेत. राशोलच्या छापखान्यांतून १६१६ सालीं जें ख्रिस्तपुराण निघालें, तेंही इंग्लंडांत जन्मलेल्या फादर स्टीफन्स यांनीं मराठी ओवींतच रचिलें होतें. येशूची जन्मकथा सांगण्यास त्यांना आपल्या संतांचाच छंद जवळचा वाटला.

अमेरिकेंत अलीकडे कित्येक दुकानदार व कचेऱ्या नाताळाचें नांव न घेतां नुसत्या “सुटीच्या शुभेच्छा” देतात. अन्यधर्मीयांस वाईट वाटूं नये हा त्यांतील हेतु. उलट कांहीं ख्रिस्ती लोकांस नांव गाळल्याचेंच वाईट वाटतें. हेतु चांगला असेल. परंतु गोमंतकांतील रीत आम्हांस अधिक मोकळी वाटते. येथें कोणी सणाचें नांव लपवीत नाहीं. ख्रिस्ती मनुष्य दिवाळीला दिवाळी म्हणतो, हिंदु मनुष्य नाताळाला नाताळ म्हणतो, आणि त्यामुळें कोणी कोणाच्या धर्मांत गेला असें मानीत नाहीं. शेजाऱ्याच्या मुलाचें बारसें झालें तर आपण पेढा खातों. तेवढ्यानें तें मूल आपलें होत नाहीं, पण शेजाऱ्याचा आनंद आपल्या घरीं येतो.

मात्र या रीतीला दोन कुंपणें हवींत. एक, अभिनंदन दोन्ही बाजूंनीं व्हावें. एकानेंच नेहमीं म्हणावयाचें व दुसऱ्यानें ऐकावयाचें, हें शेजारधर्माचें लक्षण नव्हे. दुसरें, ज्याच्या जिभेवर तो शब्द येत नाहीं त्याच्यावर त्याची सक्ती नसावी. काकांच्या नमस्काराला त्या वृद्ध गृहस्थांनीं तितक्याच अदबीनें नमस्कार केला होता. काय बोललें गेलें नाहीं तें त्यांनीं ओळखलें असावें, पण त्यांच्या चेहऱ्यावर रुसव्याची छटाही दिसली नाहीं. जेथें मौनालाही असा मान मिळतो, तेथें बोललेली शुभेच्छा कोणास बोचेल असें आम्हांस वाटत नाहीं.

गोव्यांत डिसेंबरच्या १९ तारखेस मुक्तिदिन येतो. १९६१ सालीं त्या दिवशीं परकी अंमल संपला. त्यानंतर सहाव्या दिवशीं नाताळ. परक्यांचें निशाण उतरलें, तरी तारे उतरले नाहींत. कारण ते येथल्याच लोकांच्या घरांवर होते. मुलांना घेऊन या बाजूस जाणाऱ्या वाचकांनीं कुंकळ्ळीचें स्मारक अवश्य दाखवावें आणि असोळण्याची हकीगत कांहीं न गाळतां सांगावी. मग त्याच गांवांत कोणी “नाताळाचीं परबीं” म्हणालें, तर मुलांना मोकळ्या मनानें उत्तर देऊं द्यावें. या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या मनांत सुखानें नांदूं शकतात.