झोपेची पुडी

तुमसरच्या धान बाजारात चाळीस वर्षे व्यापार केलेले एक गृहस्थ. एका वर्षी कार्तिकात ते रात्री दोन वाजता उठून खातेवह्या उघडू लागले. नवे धान बाजारात उतरत होते, कॅश क्रेडिटची मर्यादा संपत आली होती आणि उधारी मार्चपासून अडकलेली होती. छातीत धडधड होई. घरात मात्र त्यांनी ‘पित्त’ एवढेच सांगितले.

एका नातलगाने अश्वगंधा सुचविली. रात्री झोपताना, दुधातून. येथेच अडचण उभी राहिली. गृहस्थ चौविहार पाळणारे, आणि अश्वगंधा म्हणजे मूळ. वाळलेली सुंठ, हळकुंड चालते, मग हे का चालू नये, यावर घरात दोन दिवस खल झाला. तेवढ्यात एका फिरत्या जडीबुटीवाल्याने ‘शांत झोपेची’ पुडी दिली. ती सूर्यास्तापूर्वी पाण्यातून घेता येत होती, म्हणून तीच स्वीकारली गेली. पुडीत कशाचे मूळ आहे, हे कोणी विचारले नाही!

झोप लागू लागली. तीन आठवड्यांनी दुकानाच्या पायरीवर त्यांना भोवळ आली. रक्तदाब फार खाली गेला होता. रक्तदाबाची गोळी ते रोज घेत होतेच. पुडीविषयी डॉक्टरांना ठाऊक नव्हते. चूर्ण पाहून एका वैद्यांनी सर्पगंधेचा संशय व्यक्त केला.

हा संशय निराधार नव्हता. सर्पगंधा रक्तदाब खरोखर उतरविते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा तिच्यावरील निबंध १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. पुढे त्याने काही रुग्णांना उदासी येत असल्याच्या नोंदीही झाल्या. अश्वगंधाही थायरॉइडचे किंवा झोपेचे औषध घेणाऱ्याने विचारल्याविना घेऊ नये; यकृतास इजा झाल्याची क्वचित उदाहरणे आहेत. ब्राह्मीचा तर नावापासूनच घोळ. कोणी जलब्राह्मीला ब्राह्मी म्हणतो, कोणी गोल पानांच्या कारिवण्याला.

पुडी बंद झाली. त्या संध्याकाळी पत्नी म्हणाली, “अहो, पित्त नव्हतं ना ते?”

त्यांनी खातेवही तिच्यापुढे सरकविली. मुलाने तीन मोठ्या उधाऱ्यांची वसुली आपल्याकडे घेतली. डॉक्टरांनी नागपूरच्या मानसोपचार तज्ज्ञांच्या नावे चिठ्ठीही दिली आहे. ती अजून गल्ल्यातच आहे.