मोमिनाबादच्या उतारावर पुस्तकांच्या गप्पा

बीड जिल्ह्याचे नाव बाहेरच्या माणसासमोर काढले की तो दुष्काळाचे विचारतो, नाहीतर ऊसतोडीचे. पुस्तकांचे कुणी विचारत नाही. खरे तर मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचे नाव घेतात त्या 'विवेकसिंधू'चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला आहे. ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ मानतात. विदर्भातले अंभोरे गावही मुकुंदराजांवर हक्क सांगते आणि विद्वानांचा तो वाद मिटलेला नाही. आम्ही बीडचे, तेव्हा आमचा कौल कुणीकडे हे सांगायला नको.

आमची शाळा बीडजवळच्या एका गावातली, उर्दू माध्यमाची. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. शाळाशाळांतून तो कसा होतो हे वाचकांना ठाऊक आहे. फोटोला हार, मग चार मुले 'वाचनाचे महत्त्व' या विषयावर पाठ केलेले भाषण म्हणून दाखवतात, टाळ्या, खाऊ. त्या चौघांनी गेल्या महिन्यात काय वाचले हे कुणी विचारत नाही. यंदा आम्ही ठरवले की पाचवी ते आठवीची मुले घेऊन अंबाजोगाईला जायचे आणि तिथे बसून पुस्तकांवर बोलायचे. अटी दोनच घातल्या. पुस्तक असे हवे की जे कुणी 'वाच' म्हणून सांगितलेले नाही, आणि बोलताना तात्पर्य सांगायचे नाही. दुसरी अट मुलांना जड गेली. 'इस कहानी से हमें ये सबक मिलता है' हे वाक्य काढून घेतले तर उरलेले काय बोलायचे, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता.

काही पालकांनी विचारले, भिलारला का नेत नाही? सातारा जिल्ह्यातले हे पुस्तकांचे गाव. ४ मे २०१७ पासून तिथल्या घराघरांत शासनाने पुस्तके ठेवली आहेत, कुणीही जाऊन बसावे आणि फुकट वाचावे. इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये हे-ऑन-वाय नावाचे असे गाव आहे, त्यावरून ही कल्पना घेतली. फरक एवढाच की तिथे पुस्तके विकतात. भिलारला जायची आमची इच्छा आहेच. मुलांचीही आहे, जरा स्ट्रॉबेरीसाठी. पण गाडीचे भाडे आणि रात्रीचा मुक्काम धरला तर निम्मी मुले घरीच राहिली असती. अंबाजोगाई सकाळी निघून मगरिबच्या आत परत येण्यासारखी.

बीड सोडले की मांजरसुंब्याला गाडी बालाघाटावर चढते. ऑक्टोबरात दोन्ही बाजूंचे माळ अजून हिरवे असतात आणि रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या लागतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही माहिती आम्ही गाडीत दिली. एका मुलाने लगेच, "सर, फिर तो लेनाच पडता," म्हणून आम्हाला अडचणीत आणले. पुढे नेकनूर, मग केज. केजच्या चौकात एका झाडाखाली मुकादम वही घेऊन बसला होता आणि भोवती दहाबारा माणसे उभी होती. आमच्या गाडीतल्या तीन-चार मुलांनी ते दृश्य खिडकीतून टक लावून पाहिले. त्यांना ती वही कसली हे समजावून सांगावे लागत नाही.

अंबाजोगाईला आमच्या घरातली बुजुर्ग मंडळी अजून मोमिनाबादच म्हणतात. निजामाच्या राज्यात गावाचे सरकारी नाव तेच होते आणि घोडदळाची छावणीही इथे होती. आमच्या दादीच्या निकाहाच्या कागदावर मोमिनाबाद लिहिलेले आहे. मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांना वाटले होते तेवढे नवल वाटले नाही. एका गावाला दोन नावे असणे त्यांच्या सवयीचे आहे. घरात एक नाव आणि हजेरीपटावर दुसरे असलेली पोरे आमच्या वर्गात आहेत.

समाधी गावाबाहेर, डोंगराच्या उतारावर आहे. ही दुसऱ्यांच्या श्रद्धेची जागा, म्हणून आधी तिथल्या एका वयस्कर गृहस्थांना विचारले. "पोरं पुस्तकं वाचणार असतील तर मुकुंदराजांना काय अडचण?" असे म्हणून त्यांनीच झाडाखालची सावली दाखवली आणि पाण्याची घागर भरून दिली. चपला बाजूला लावून मुले बसली.

बोलणे सुरू होण्याआधी आम्ही एक खेळ केला. अंबाजोगाईचे दुसरे मोठे नाव दासोपंतांचे, इ.स. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. त्यांची 'पासोडी' प्रसिद्ध आहे. चाळीस हात लांब आणि चार हात रुंद कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहिला. कागदावर नव्हे, अंगावर पांघरायच्या कापडावर! मुलांनी कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एकेक हात मोजत जमिनीवर पासोडी आखली. हात लहान, तरी आखणी झाडाच्या बुंध्यापासून पायवाटेच्या पार पोचली. सगळी मुले तिच्या काठाने उभी राहिली तरी जागा उरली. "इतकी लंबी किताब घडी कैसे करते होंगे?" असे एकीने विचारले, आणि यावर बराच वेळ चर्चा चालली. दासोपंतांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात, हे ऐकून एकाने कानाला हात लावले.

मग शेख महंमदांचा विषय निघाला. 'योगसंग्राम' लिहिणारे हे सूफी संत श्रीगोंद्याचे म्हणून ओळखले जातात, पण मूळचे आपल्याच आष्टी तालुक्यातल्या वाहिरे गावचे असे सांगतात. "मुसलमान होके मराठी में लिखे?" सहावीतल्या एकाने विचारले. शेजारचा म्हणाला, "तू बाजार में कौनसी बोलता?" आम्ही मध्ये पडलो नाही.

पहिला बोलला तो 'फास्टर फेणे'वाला. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलाला कुठे भेटला? तर शेजारच्या मराठी शाळेतल्या मित्राकडे. आवडायचे कारण सांग म्हटल्यावर त्याने जीभ टाळ्याला लावून 'ट्टॉक' असा आवाज काढला आणि खाली बसला. आमच्या मते हे उत्तर पुरेसे होते.

'श्यामची आई' दोघांनी आणले होते. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिमटीने मारते, त्या गोष्टीवर दोघांचे पटेना. एक म्हणाला, आईने मारायला नको होते. दुसरा म्हणाला, "मारलं तर मारलं, पण त्यांच्याकडं विहिरीत पाणी होतं. आमच्याकडं मारून काय फायदा?" सगळे हसले. बिंदुसरेच्या काठी राहणाऱ्या मुलांनाच हा विनोद नीट कळेल.

एका मुलाने जुने, पिवळे पडलेले उर्दू पुस्तक काढले. इब्ने सफी! दादांच्या संदुकीत सापडलेले. त्यांच्या तरुणपणी भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानातून आणलेले आणि, मुलाच्या शब्दांत, 'वापस देना भूल गए'. इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' १९५२ साली सुरू झाली. आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी उर्दू वाचायचा वेग या पुस्तकांवर कमावला आहे. आमचे एक सहकारी अशा पुस्तकांना नाक मुरडतात. पण हे पोरगे पाचवीपर्यंत उर्दू अडखळत वाचायचे आणि आता दादांना, ज्यांना दिसत नाही, रोज इशाच्या नमाजनंतर एक प्रकरण वाचून दाखवते. फरीदी आणि हमीद यांच्यात दादांचा आवडता हमीद, असे तो सांगत होता. का, तर तो कामचुकार आहे. वर्गात आम्ही असे उत्तर कधी ऐकले नव्हते.

दुसरा हामिद प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधला. जत्रेत खेळणी, मिठाई सोडून दादीचा हात भाजू नये म्हणून तीन पैशांचा चिमटा घेणारा. ही कथा वाचून मोठी माणसे डोळे पुसतात. आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मेरेकु वो कहानी अच्छी लगी, लेकिन हामिद पे गुस्सा आया." का? तर सगळ्यांनी त्याचे एवढे कौतुक केले की आता त्याला पुढच्या ईदलाही मिठाई घेता येणार नाही. घरात सर्वांत मोठी मुलगी असणे म्हणजे काय हे तिला माहीत आहे. तिला चार भावंडे आहेत. त्यावर कुणी काही बोलले नाही. एकाने तेवढ्यात तिला सीताफळ दिले.

इथे पालकांसाठी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. उर्दूतले मुलांचे वाचन जिल्ह्याच्या दुकानांत जवळपास मिळत नाही. मुंबईहून निघणारे 'गुल बूटे' किंवा राष्ट्रीय उर्दू परिषदेचे 'बच्चों की दुनिया' वर्गणी भरून मागवावे लागते. मराठीत बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक मोबाइलवर फुकट उघडता येतात. घरात मोबाइल आहेच. मुले त्यावर काय पाहतात याची तक्रार करण्यापेक्षा एखादा जुना 'किशोर' उघडून द्यावा. दोन्ही लिपी येणाऱ्या मुलाला दोन अलमाऱ्या उघड्या असतात.

सर्वांत शेवटी बोलली ती सातवीतली एक मुलगी. पुस्तक 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेने आपल्या लहानपणच्या शाळेवर लिहिलेले. मराठीत ते नॅशनल बुक ट्रस्टने आणले आहे आणि आमच्या शाळेच्या अलमारीत त्याची एक प्रत आहे. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा. पण हिला डब्यांचे नवल नव्हते. तिला नवल होते ते मुख्याध्यापकांचे. पहिल्या दिवशी कोबायाशी सर त्या मुलीचे बोलणे ऐकत बसतात, चार तास. "चार घंटे, सर! बीच में एक बार भी नै बोले के बस कर." मग ती म्हणाली की हे पुस्तक तिने तीनदा वाचले, पण तिन्ही वेळा शेवटची पाने सोडून. युद्धात विमानांतून बॉम्ब पडतात आणि ती शाळा जळते, हे तिला मैत्रिणीने सांगितले होते. "मैं वहाँ तक जातीच नै. मेरी किताब में स्कूल चालू है."

या मुलीचे आईवडील कोयत्यावर जातात. यंदाची उचल घेऊन झाली आहे आणि दिवाळीनंतर टोळी कर्नाटकातल्या एका कारखान्यावर जाणार. मुले मागे राहावीत म्हणून गावोगावी हंगामी वसतिगृहाची सोय असते. तिच्या धाकट्या दोन भावांची नावे तिथे घातली आहेत. पण घरात दीड वर्षाचे तिसरे आहे. आई फडात असताना कोपीवर त्याला सांभाळायला कुणीतरी हवे. वडिलांना आम्ही दोनदा भेटलो. माणूस वाईट नाही. "सर, बायको मोळी बांधेल का पोर धरेल?" या त्यांच्या प्रश्नावर आमच्याकडे देण्यासारखे उत्तर नव्हते. तिसऱ्यांदा जाणार आहोत, या वेळी तिच्या मावशीला घेऊन. मावशी बाळाला ठेवून घ्यायला तयार होईल असे दिसते. नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली आहे.

परतताना केजच्या पुढे अंधारून आले. ती मुलगी पुढच्या बाकावर आली आणि तिने विचारले की कारखान्यावर जावे लागले तर 'तोत्तोचान' सोबत नेता येईल का. अलमारी आमच्या सहकारी मॅडमकडे असते. त्यांचे म्हणणे, नियम सगळ्यांना सारखा. पुस्तक आठ दिवसांसाठी. आणि त्यांचा अनुभवही खोटा नाही, मागच्या हंगामात कोपीवर गेलेल्या दोन पुस्तकांपैकी एकच परत आले, तेही पावसात भिजून फुगलेले. एकच प्रत आहे, मागे राहणाऱ्या मुलांनी काय वाचायचे? आमचे म्हणणे, मागे राहणाऱ्यांना अलमारी तरी आहे. मांजरसुंब्यापर्यंत हा वाद चालला. मुले झोपेचे सोंग घेऊन ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वही काढली. 'तोत्तोचान' आणि 'किशोर'चा एक दिवाळी अंक, अशी दोन नावे त्यांनी स्वतः लिहिली, पुस्तकांना प्लास्टिकचे कव्हर घातले आणि परत करण्याची तारीख या रकान्यापाशी थांबल्या. मुलीला विचारले, कधी आणशील? पट्टा कधी पडेल हे कारखान्यालाही आधी ठाऊक नसते. तिने जरा विचार केला, मॅडमकडून पेन घेतला आणि रकान्यात उर्दूत लिहिले: पाडवा.