पिशवीतल्या गोळ्या

आम्ही जबलपूरच्या रांझीत राहतो. २०१६ च्या मे महिन्यातली ही गोष्ट. सासूबाई तेव्हा ७२ वर्षांच्या होत्या. कधी टोकाचा उत्साह, तर कधी महिनोन् महिने उदासी, अशा मनाच्या आजारावर त्या २० वर्षे लिथियम घेत होत्या. त्या गोळीच्या आधारानेच त्यांनी नातवंडे सांभाळली, भजनात पेटी वाजवली.

त्या वर्षी त्यांचे ब्लडप्रेशर वाढले. नव्या डॉक्टरांनी लघवी जास्त होण्याची गोळी दिली. लिथियमचे आम्ही बोललोच नाही. मनाच्या आजाराची गोळी, उगाच कशाला सांगायची! गुडघेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या. शिवाय मी मोठ्या काळजीने त्यांच्या जेवणातले मीठ तोडले.

दोन आठवड्यांत त्यांचे हात थरथरू लागले. चहा बशीत सांडे. मग जुलाब झाले, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली. शेजारीण म्हणाली, ‘‘उमर हो गई है।’’ मलाही तसेच वाटले. पण एका सकाळी त्यांनी मलाच विचारले, ‘‘तू कोण गं?’’ आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली.

घरातल्या साऱ्या गोळ्या पिशवीत भरून आम्ही त्यांच्या जुन्या मानसोपचारतज्ज्ञांकडे धावलो. त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि विचारले, ‘‘मीठही बंद केलंय का?’’

रक्तात लिथियम फार वाढले होते. डॉक्टरांनी समजावले, की लिथियम मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. शरीरातले मीठ-पाणी कमी झाले, की मूत्रपिंडे मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतात. लघवीची गोळी, वेदनाशामक, अळणी जेवण आणि मेचे ऊन, सारे एकदम आले. त्यातून म्हातारपणी मूत्रपिंडे मंदावलेली. १९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या डॉ. जॉन केड यांनी लिथियमचा मनाच्या आजारावर गुण दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी लिथियमचा क्षार खाणारे काही रुग्ण दगावले होते!

सलाईन लागले, लिथियम काही दिवस थांबवले. दहा दिवसांनी सासूबाई घरी आल्या. पुढे डॉक्टरांनीच कमी मात्रेत ते पुन्हा सुरू केले आणि ब्लडप्रेशरची गोळी बदलली.

तेव्हापासून सगळ्या गोळ्यांची यादी आमच्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला असते. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर नेतो. मनाने गोळी सुरू करायची नाही, बंदही करायची नाही. आणि लपवायचे तर काहीच नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी पहिला चहा घेतला, तेव्हा मी आधी बशीकडे पाहिले. ती कोरडी होती.