पाठभेद आणि मुद्देमाल

आम्ही पाठचिकित्सा शिकवतो. पोथीची नक्कल म्हटली की पाठभेद आलेच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती अशाच भेदांमुळे. पोलिसांनी जप्त केलेल्या मोबाइलमधील मजकुराला मात्र ही मुभा नाही. त्यावरून ‘हॅश’ नावाची अक्षर-आकड्यांची ओळ काढतात. एक स्वल्पविराम हलला तरी ती साफ बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधील प्रमाणपत्रात ती नोंदवावी लागते. (आम्हांस हेवा वाटला, हे सांगण्यास हरकत नाही.)

पण हॅश साक्ष देते ती काढल्या क्षणापासूनची. जप्तीचे चित्रीकरण नव्या कायद्याने आवश्यक केले आहे. त्यानंतर हॅश काढेपर्यंत मोबाइल चालू होता की बंद, कोणाच्या कपाटात होता, हे सांगतात पंचनामा आणि मुद्देमालाची नोंदवही. म्हणजे पुन्हा कोणा हवालदाराचे मराठी गद्य! ते ‘एक काळ्या रंगाचा मोबाइल’ एवढ्यावरच थांबले, आयएमईआय क्रमांक आणि मोहोर लावल्याची वेळ राहून गेली, तर पुढली ६४ अक्षरे कितीही बिनचूक असोत, गुन्हेगाराला सुटण्यास तेवढी फट पुरते. आणि निरपराधाला गुंतवू पाहणाऱ्यालाही.