गाठ कुठली बांधायची?

तोक्योच्या निशी-कासाई स्टेशनपासून दोन गल्ल्या आत फुलांचं एक दुकान आहे. इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला बाहेर बादल्यांपाशी थांबावं लागतं. आत एका भिंतीवर छापील जपानी वॉशी कागद, रंगीत दोऱ्या, गाठोडी बांधायचे चौकोनी रुमाल आणि काचेच्या छोट्या घंटा. मागच्या पडद्याआड एक लांब टेबल आहे, तिथे शनिवारी पुष्परचनेचा वर्ग भरतो. दुकानात पाऊल टाकलं की मालकीणबाई पहिला प्रश्न विचारतात तो किमतीचा नाही, रंगाचाही नाही. त्या विचारतात, ‘कशासाठी हवीत?’

तोक्योतली बहुतेक फुलांची दुकानं हेच विचारतात. नव्याने आलेल्या परदेशी माणसाला तो विक्रीचा शिष्टाचार वाटतो आणि तो ‘असंच, छान दिसतात म्हणून’ असं सांगून मोकळा होतो. पण प्रश्न मनापासून विचारलेला असतो. कुठली फुलं, किती, कुठल्या कागदात, वरून गाठ कुठली, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं. या शहरात राहायला आलेल्या माणसाने आधी काय शिकावं असं कुणी विचारलं, तर कांजी लिपीच्याही आधी या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला शिकावं, असंच सांगावंसं वाटतं.

निशी-कासाईत मराठी माणूस नवा नाही. वायटूकेच्या, म्हणजे सन २००० च्या, सुमारास भारतीय संगणक अभियंते तोक्योत आले. तोझाई रेल्वेने इथून ओतेमाचीच्या कचेऱ्यांत थेट जाता येई, आणि जवळच्या सरकारी वसाहतींत जामीनदाराशिवाय घर मिळे. हळूहळू डाळ-तांदळाची दुकानं आली, शाळा आल्या, गणपती आले. २०१९ मध्ये इथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले. तेव्हा या फुलांच्या दुकानात मराठी गिऱ्हाईक येणं यात काही विशेष उरलेलं नाही.

मराठी घरांची पहिली गफलत होते ती शेवंतीवरून. जपानची शेवंती म्हणजे किकू. सोळा पाकळ्यांची शेवंती सम्राटाच्या घराण्याचं चिन्ह आहे, पासपोर्टवर तीच आहे आणि पन्नास येनच्या नाण्यावरही शेवंतीच कोरलेली आहे. सुपरमार्केटमध्ये भाजीच्या शेजारी तिच्या बांधलेल्या जुड्या मिळतात, स्वस्त आणि टवटवीत. वेणीत आणि देवाच्या हारात शेवंती पाहत वाढलेल्या माणसाला त्या बघूनच बरं वाटतं. पण त्या जुड्या असतात घरातल्या बौद्ध देव्हाऱ्यासाठी आणि कबरीवर वाहायला, आणि पांढरी शेवंती तर अंत्यविधीचं फूल. घरच्या गणपतीला ती वाहिली तर कुणाचंच काही बिघडत नाही. अडचण येते ती उंबरठा ओलांडल्यावर. एका मराठी जोडप्याने जपानी सहकाऱ्याच्या घरी जेवायला जाताना पांढऱ्या शेवंतीचा भरगच्च गुच्छ निवडला होता. ‘कशासाठी?’ या प्रश्नाचं उत्तर ऐकून मालकीणबाईंनी तो काही न बोलता परत बादलीत ठेवला आणि गुलाबी स्वीटपी बांधून दिली.

आणखी एक योग इथल्या मराठी घरांच्या लक्षात आलेला आहे. सप्टेंबरात शरद संपाताच्या आगेमागे जपानात ‘हिगान’चा आठवडा येतो. लोक पूर्वजांच्या कबरी धुतात, फुलं वाहतात, तांदूळ आणि लाल चवळीसारख्या अझुकीची गोड ‘ओहागी’ करतात. आपला पितृपक्ष बहुतेक वर्षी याच सुमारास असतो. त्या दिवसांत शेवंतीचा भाव चढतो, आणि रांगेत उभी असलेली जपानी आजी आणि मराठी सून एकाच कामासाठी तीच जुडी घेऊन घरी जातात.

दुकानातला सगळ्यात शिकण्यासारखा माल मात्र फुलांचा नाही, दोरीचा आहे. मिझुहिकी म्हणजे वॉशी कागद पिळून, खळ लावून कडक केलेली बारीक दोरी. देशातली बहुतांश मिझुहिकी नागानो प्रांतातल्या इइदा गावात तयार होते. भेट द्यायच्या पैशांच्या पाकिटावर ती बांधतात, आणि गाठीवरून प्रसंग कळतो. मूल झालं, मूल शाळेत गेलं, म्हणजे जे पुन्हा पुन्हा घडावं असं वाटतं, तिथे बुटाच्या नाडीसारखी ओढली की सुटणारी गाठ. लग्न एकदाच व्हावं, म्हणून तिथे न सुटणारी. आणि दुःखाचा प्रसंगही पुन्हा येऊ नये, म्हणून तिथेही न सुटणारीच, फक्त लाल-पांढऱ्याऐवजी काळी-पांढरी. साध्या पाकिटावर पाच पदर, लग्नाच्या पाकिटावर दहा. लग्नात नोटा कोऱ्या करकरीत, कारण आपण या दिवसाची आधीपासून वाट पाहत होतो हे दिसलं पाहिजे. शोकाच्या पाकिटात कोरी नोट आली तरी तिला एक घडी घालतात, नाहीतर तयारीत होता की काय असं वाटायचं.

रक्कमही मोजून मापून. मित्राच्या लग्नात साधारण तीस हजार येन देतात. वीस हजार टाळतात, कारण दोनाचे दोन समान भाग पडतात आणि जोडप्याचे तसे पडू नयेत. हे ऐकल्यावर मराठी माणूस लगेच एकशे एक, पाचशे एक म्हणतो. आहेराच्या पाकिटावर चिकटवलेला रुपया आठवतो. शून्यावर संपलेली रक्कम आपल्याकडे देववत नाही, आणि दुभंगणारी रक्कम जपानात देववत नाही. रिवाज वेगळे, पण देताना आकड्याची काळजी घेणारा माणूस एकाच जातकुळीचा. इथली मराठी मंडळी आहेराच्या बाबतीत सहसा चुकत नाहीत, त्याचं कारण हेच असावं.

पडद्याआडच्या टेबलापाशी मिझुहिकीची अवाजी गाठही शिकवतात. दोरी आधी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून दोन-चारदा ओढून घ्यायची, म्हणजे तिचा ताठा जातो आणि वळण देताना ती मोडत नाही. पहिला फास, त्यावर दुसरा, मग उरलेलं टोक एकाच्या वरून, पुढच्याच्या खालून, पुन्हा वरून. पदर एकमेकांवर चढता कामा नयेत. पाचही दोऱ्या सपाट, शेजारीशेजारी राहिल्या पाहिजेत. एक जरी पलटी खाल्ली तरी सगळी सोडवून पुन्हा घालायची. रांगोळीचे ठिपके जोडलेल्या हातांना ही गाठ लवकर येते, हे तिथल्या वर्गात दिसतं.

फुलांच्या वर्गात त्याच हातांना जास्त झगडावं लागतं. तोरण, गजरा, हार करणाऱ्या हाताला जागा भरून काढायची सवय. इथे जागा सोडायची असते. सोगेत्सू घराण्याच्या पहिल्या धड्यात तीन मुख्य फांद्या असतात: शिन, सोए आणि हिकाए. भांड्याची रुंदी आणि उंची यांची बेरीज करून तिची दीडपट म्हणजे शिन. तीस सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर खोल पसरट भांडं असेल तर शिन साधारण बावन्न सेंटिमीटर, सोए त्याच्या पाऊणपट म्हणजे एकोणचाळीस, हिकाए सोएच्या पाऊणपट, एकोणतीसच्या आसपास. उभ्या रचनेत शिन सरळ रेषेपासून पंधरा अंश कललेली, सोए पंचेचाळीस, हिकाए पंचाहत्तर. भांड्यात एका बाजूला केनझान, म्हणजे शिशाच्या जड चकतीवर पितळी सुयांचं दाट रान. फांदी तिरकी कापायची, आधी सरळ उभी सुयांत दाबायची आणि मगच हवी तितकी कलवायची. सुरुवातीलाच तिरकी रोवली तर ती पडते. फुलाचा देठ मात्र पाण्यात बुडवून, आडवा सरळ कापायचा. दुसऱ्या बाजूचं पाणी मोकळंच राहतं. शिकवणाऱ्या बाई फारसं बोलत नाहीत, कात्री घेऊन जवळ येतात आणि पानं काढतात. दहातली सहा गेली की उरलेली चार दिसायला लागतात.

या कलेची, इकेबानाची, लेखी नोंद क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातल्या इकेनोबो सेंकेई या भिक्षूच्या १४६२ मधल्या रचनेपासून सापडते. पुढे घराणी झाली, नियम झाले. १९२७ मध्ये सोफू तेशिगाहारा यांनी सोगेत्सू घराणं काढलं आणि फुलं कुणीही, कुठेही, कशाच्याही सोबत रचावीत अशी मोकळीक दिली. युद्धानंतर त्यांनी मोडीतल्या लोखंडाच्याही रचना केल्या. परदेशी माणसाने हे शिकणंही जुनंच आहे. लष्करी अधिकारी नवऱ्यासोबत जपानात राहिलेल्या एलन गॉर्डन अ‍ॅलन या अमेरिकन बाईंनी १९५६ मध्ये तोक्योत ‘इकेबाना इंटरनॅशनल’ ही संस्था सुरू केली. नवऱ्याच्या नोकरीमागे नव्या शहरात आलेल्या बाईने फुलांच्या वर्गात जाऊन बसायचं, हे निशी-कासाईत आजही चालूच आहे. त्याला वेळ घालवणं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या टेबलापाशी दोन तास बसून बघावं.

उन्हाळ्यात दुकानातल्या काचेच्या घंटांना गिऱ्हाईक असतं. ‘एदो फूरिन’ म्हणतात त्या या घंटांची १९१५ मध्ये सुरू झालेली शिनोहारा कुटुंबाची कार्यशाळा याच एदोगावा वॉर्डात आहे. काच तोंडाने फुंकतात, चित्र आतल्या बाजूने रंगवतात आणि काठ मुद्दाम खरखरीत ठेवतात, कारण आवाज त्या काठावरच्या घासण्यातून येतो.

खरी धांदल डिसेंबरात. ओताच्या मोठ्या फूलबाजारात त्या महिन्यात पाइनचा आणि लाल फळांच्या सेनर्योचा खास लिलाव होतो, आणि मग दुकानात पाय ठेवायला जागा नसते. भाताच्या पेंढ्याचा पीळ, पाइनची डहाळी, वर मिझुहिकी असं नववर्षासाठी दारावर लावायचं शिमेकाझारी या टेबलावर बनतं. ते २८ तारखेपर्यंत लावलेलं बरं. २९ टाळतात, आणि ३१ ला लावलं तर देवाला एका रात्रीत उरकल्यासारखं होतं. तोक्योत ७ जानेवारीपर्यंत ते दारावर राहतं, नंतर देवळात नेऊन जाळतात. शिळी फुलं कचऱ्यात टाकायला ज्यांचा हात धजत नाही, त्या मराठी घरांना हा शेवट लगेच पटतो.

निशी-कासाईतल्याच एका मराठी घरात बाळ झालं तेव्हा शेजारून पैशांची पाकिटं आली. जपानात अशा भेटीची साधारण निम्म्या किमतीची परतभेट महिन्याभरात द्यायची असते, वर बाळाचं नाव लिहून. हे त्या कुटुंबाला दुकानातच कळलं. चहाचे डबे निवडले, नाव काताकाना लिपीत लिहिलं, लाल-पांढरी सुटणारी गाठ बांधली. पुढे दिवाळीत तेच कुटुंब शेजाऱ्यांसाठी चकली-शंकरपाळ्यांची पाकिटं बांधून घ्यायला आलं. मालकीणबाईंना दिवाळी ठाऊक नव्हती. त्यांनी विचारलं, हा सण एकदाच असतो की दर वर्षी येतो? दर वर्षी, असं कळल्यावर त्यांनी पाच पदरांची सुटणारी दोरी काढली.