काखेत हात घालू नका

अर्धांगवायूचा पेशंट घरी आला की पाठोपाठ दोन वस्तू येतात : मालिशचं तेल आणि रबरी चेंडू. तेलाला माझी ना नाही. हलक्या हाताने चोळलं की माणसाला बरं वाटतं. चेंडू मात्र मी बहुतेक घरांत बाजूला ठेवायला लावते. बोटं आधीच आत वळू लागलेली असतात, गरज असते ती मूठ उघडण्याची. आणि आपण दिवसभर दाबायला लावतो.

मग येतो खांदा. तो सगळा स्नायूंच्या भरवशावर असतो. ते लुळे पडले की हाताच्या वजनानेच सांधा खाली सरकतो. त्यात काखेत हात घालून उचललं किंवा तोच हात धरून ओढला, तर खांदेदुखी महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. म्हणून घरच्यांना मी सगळ्यात आधी उठवायला शिकवते.

“काका, पुढे सरका. पावलं गुडघ्यांच्या मागे. आता वाका. अजून.”

“अहो, पडाल!” काकूंचे हात लगेच काखेकडे.

“काकू, कमरेला धरा. नाक पायाच्या बोटांपुढे गेलं की ते आपले आपण उठतील.”

काका उठतात. वाकडेतिकडे, पण स्वतः. तेवढ्या दोन सेकंदांत हात आखडता घेणं काकूंना जड जातं. व्यायाम कुणीही शिकतं. अवघड असतं ते हेच.

२०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये ‘अटेंड’ हा अभ्यास आला. भारतातली १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. घरच्यांना शिकवून घरी सराव करवून घेतला, तरी सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक दिसला नाही. मला ते बोचलं. पण घरोघरी फ्रिजवर चिकटवलेले व्यायामाचे कागद मी पाहते, त्यामुळे फारसं नवलही वाटलं नाही. स्वयंपाक, औषधं, लघवीचं भांडं हे सगळं एकट्या सुनेने करायचं, आणि वर ‘दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा’!

हल्ली मी कागद लहान ठेवते. लसूण सोलताना वाटी दुबळ्या हाताने धरायची. नॅपकिनच्या घड्या काकांनीच घालायच्या, कितीही वेळ लागो. गप्पा मारायला बसणाऱ्याने दुबळ्या बाजूला बसायचं, म्हणजे मान तिकडे वळते. आणि पहिल्याच दिवशी विचारते, सकाळी अकरा वाजता घरात कोण असतं? मुलगा म्हणतो, “ही असते ना.” मग मी त्यालाच म्हणते, “संध्याकाळचं उठवणं तुमच्याकडे. या, आत्ताच करून दाखवा.”