चोवीस तासांची गाणी

डेंग्यूचा ताप उतरला, पण झोप काही परतली नाही. तोंड कडू, सांधे ठणकतायत, आणि पुढे अख्खी रात्र. अशात डॅनिअल स्मिथचा ‘अ प्रेयर फॉर एव्हरी अवर’ लावला.

न्यू जर्सीच्या या पोरानं रटगर्स विद्यापीठातला शेवटच्या वर्षाचा कलाप्रकल्प म्हणून, भावंडांना हाताशी धरून हा अल्बम केला. १९९५ साली तो बाजारात आला. दिवसाच्या प्रत्येक तासाला एक, अशी २४ गाणी. ध्वनिमुद्रण खरखरीत, आणि डॅनिअलचा आवाज मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा मध्येच वर चिरकतो. पहिल्यांदा हसूच येतं. मग लक्षात येतं, हा माणूस प्रार्थना करतोय आणि त्याला हसण्याचं वावडं नाही.

पुढे हे कुटुंब रंगमंचावर नर्सच्या पांढऱ्या गणवेशात उभं राहायचं, छातीवर लाल बदाम, त्यात प्रत्येकाचं नाव. बरं करणारा देव, म्हणून हा पोशाख. एकटा गाताना डॅनिअल चक्क झाडाच्या सोंगात शिरायचा. त्याला नऊ फळं, बायबलमधली आत्म्याची नऊ फळं.

मी श्रद्धाळू नाही. काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत देवाचा दिवस बांधलेला असतो, एवढं आजीमुळे ठाऊक. पण पहाटे तीनला जागा असलेला आजारी माणूस त्यात कुठे बसतो? या गाण्यांत त्याला जागा आहे असं वाटलं. की अशक्तपणामुळे वाटलं, कोण जाणे. प्लेटलेट्सचा रिपोर्ट उद्या येईल.